फुकटचा खेळ कोणाला फुकट?

भद्रावतीच्या बसस्थानकावर, चहाच्या टपरीमागे, किंवा माजरीच्या कोळसा खाणींकडे जाणाऱ्या रस्त्यावर पाळी बदलण्याची वाट पाहत बसलेल्या ठेकेदारी मजुरांच्या घोळक्यात, कोणत्याही संध्याकाळी एकच दृश्य दिसते. दोन-चार तरुण माना खाली घालून मोबाईलच्या पडद्यात बुडालेले असतात. अंगठे चालू असतात, डोळे जागचे हलत नाहीत. एखाद्या वडीलधाऱ्याने हटकले तर उत्तर ठरलेले असते : "काई नाई काकाजी, फुकटचा गेम हाये." या उत्तराने काकाजींचे समाधान होते आणि ते पुढे चालू लागतात. वस्तुतः नेमके याच जागी त्यांनी थांबायला हवे. ज्या गावात पिण्याचे शुद्ध पाणीही आता डब्याने विकत घ्यावे लागते, त्या गावातील पोरांना सातासमुद्रापलीकडची एक कंपनी वर्षानुवर्षे, रात्रंदिवस, एक पैसाही न मागता खेळ पुरवीत राहते, हे औदार्य कशाचे, असा प्रश्न कोणाच्याच मनात कसा येत नाही?

पुरोगामी कार्यकर्त्यांत या विषयासंबंधी दोन मते ऐकू येतात आणि दोन्ही चुकीची आहेत. पहिले मत असे, की हा पोरखेळ आहे. वनहक्काचे दावे, कंत्राटी कामगारांची मजुरी, कापसाचा भाव हे प्रश्न समोर असताना मोबाईलवरील खेळांची चर्चा करणे हा शहरी पांढरपेशांचा छंद होय. दुसरे मत याच्या उलट टोकाचे. हे खेळ म्हणजे तरुण पिढीला लागलेली कीड आहे, सरकारने ते एका फटक्यात बंद करावेत, एवढाच त्यांचा कार्यक्रम. पहिल्या मताचे लोक प्रश्न पाहावयास तयार नाहीत आणि दुसऱ्या मताचे लोक तो पाहण्यापूर्वीच पुरून टाकावयास निघाले आहेत.

खेळ क्षुल्लक असतो असे निदान समाजवाद्यांनी तरी म्हणू नये. १९४१ साली राष्ट्र सेवा दलाची उभारणी झाली तेव्हा मुले शाखेवर आली ती व्याख्यान ऐकण्यासाठी नव्हे. ती आली खेळायला. जातपात न पाहता एका मैदानावर एकमेकांना शिवणे, एकमेकांच्या खांद्यावर चढणे, हरल्यावर रडणे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येणे, यांतूनच पुढचे सारे घडले. मुलांच्या खेळावर ज्याची सत्ता असते त्याची त्यांच्या मनावरही काही एक सत्ता चालते, ही गोष्ट त्या पिढीला पुरती ठाऊक होती. आज ती गोष्ट कंपन्यांना ठाऊक आहे आणि चळवळ मात्र ती विसरली आहे.

फुकट खेळाचा व्यवहार ज्या एका उदाहरणावरून अगदी स्वच्छ दिसतो ते उदाहरण दक्षिण कोरियाचे आहे. 'मेपलस्टोरी' हे त्या खेळाचे नाव. विझेट नावाच्या एका छोट्या संस्थेने तो बनविला, २००३ साली तो कोरियात सुरू झाला आणि पुढे नेक्सॉन या कंपनीने विझेटलाच विकत घेतले. भद्रावतीच्या मुलांच्या मोबाईलमध्ये नेमका हाच खेळ क्वचितच सापडेल. त्यांच्याकडे असतात ते त्याचे धाकटे भाऊबंद, बहुधा बंदुकांचे. तथापि ज्या दुकानाच्या नमुन्यावर ही सारी दुकाने बेतलेली आहेत, आणि ज्याची वहीखाती एका सरकारी आयोगाने उघडून जगासमोर मांडली आहेत, ते दुकान आधी पाहणे शहाणपणाचे ठरेल.

खेळ दिसायला अत्यंत निरागस आहे. पडदा आडवा सरकत जातो. बाहुलीसारखा एक नायक डावीउजवीकडे धावतो, शिड्या चढतो, उड्या मारतो आणि वाटेत भेटणाऱ्या गोगलगाई व अळंब्या मारतो. मेलेल्या प्राण्यामधून नाणी पडतात, ती गोळा करावयाची. पुरेसे प्राणी मारले की नायक एक पातळी वर चढतो, त्याला नवी तलवार, नवी टोपी वापरता येते. हे जग एकट्याचे नाही. दूरदूरचे हजारो खेळाडू एकाच वेळी त्यात वावरत असतात, एकमेकांशी बोलतात, टोळ्या करतात, एकमेकांची टोपी पाहून हेवा करतात. प्रवेशाला पैसे लागत नाहीत. पहिल्या काही पातळ्या तर इतक्या झरझर चढता येतात की आपण मोठे पराक्रमी आहोत असा भास कोणालाही व्हावा. मग मात्र चढ लागतो. पुढची पातळी गाठण्यासाठी तेच प्राणी, त्याच शिड्या, त्याच उड्या, तासन्‌तास, दिवसेंदिवस. इंग्रजी बोलणारे खेळाडू या कामाला दळण म्हणतात आणि शब्द चपखल आहे. फरक एवढाच की जात्यावर बसलेल्या बाईच्या पदरात शेवटी पीठ तरी पडत असे.

दळून दळून खेळाडू थकतो, तेथे दुकान उघडते. नशिबाच्या पेटीची विक्री याच खेळाच्या जपानी आवृत्तीत २००४ साली सुरू झाली आणि जगातील अशा विक्रीचा आरंभ बहुतेक जाणकार तेथूनच मोजतात. पेटीत काय आहे ते पैसे भरल्यानंतर कळते. २०१० च्या मे महिन्यात कोरियात त्याची पुढची पायरी आली : ठोकळा. नायकाच्या प्रत्येक शस्त्राला व पोशाखाला तीन वाढीव गुण चिकटलेले असतात. ठोकळा वापरला की जुने गुण पुसले जातात आणि नशिबाच्या फेऱ्याने नवे तीन लागतात. मनाजोगते लागले नाहीत तर दुसरा ठोकळा घ्यावा, मग तिसरा, मग तीसावा. एका ठोकळ्याची किंमत जातीप्रमाणे बाराशे ते बावीसशे वॉन होती, म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण पाऊणशे ते दीडशे रुपये. ही रक्कम मोठी नव्हती आणि ती मोठी नसणे हेच या योजनेतील मर्म होते.

दक्षिण कोरियाच्या न्याय्य व्यापार आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये या ठोकळ्याविषयीचा आपला निर्णय जाहीर केला. तो ज्याने वाचला त्याला फुकट या शब्दाचा अर्थ पुन्हा सांगावा लागणार नाही. आयोगाला आढळले ते असे. आरंभी सर्व गुण लागण्याची शक्यता सारखी होती. चारच महिन्यांनी, सप्टेंबर २०१० पासून, ज्या गुणांसाठी खेळाडू जीव टाकत होते तेच कमी लागावेत अशी आतून व्यवस्था करण्यात आली आणि खेळाडूंना ते सांगितले गेले नाही. ऑगस्ट २०११ पासून तर काही अत्यंत मागणी असलेल्या गुणांचे तिहेरी जुळणे पूर्णपणे बंद करण्यात आले. त्यांची शक्यता शून्य झाली. कंपनीने मात्र जाहीर केले की पूर्वीच्या व्यवस्थेत काहीही बदल नाही. ही शून्य शक्यता मार्च २०२१ पर्यंत, म्हणजे साडेनऊ वर्षे, पैसे घेऊन विकली गेली. काळा ठोकळा म्हणून जो अधिक महाग प्रकार २०१३ साली आला, त्याने वस्तूचा दर्जा उंचावण्याची शक्यता सुरुवातीस शेकडा १.८ होती, त्याच वर्षाअखेर ती १.४ वर आणि जानेवारी २०१६ मध्ये १ वर आणली गेली. किंमत तीच राहिली. माप घटविले आणि दर कायम ठेवला, असे जर भद्रावतीच्या बाजारातील एखाद्या किराणा दुकानदाराने केले असते तर वजनमापे निरीक्षकाच्या आधी गिऱ्हाइकांनीच त्याचा तराजू रस्त्यावर आणला असता.

महाराष्ट्राला जुगार नवा नाही. १९६० च्या दशकात मुंबईत मटका फोफावला आणि गिरणगावातील कामगारांच्या पगारातील किती रुपये त्या मडक्यात गेले याचा हिशेब कोणीच ठेवला नाही. मटक्याची तरफदारी करण्याचे कोणाला कारण नाही. परंतु मटक्याचा एक नियम सर्वांस माहीत होता. दहा आकड्यांतून एक निघणार आणि एकेरी आकडा लागला तर रुपयाला नऊ रुपये मिळणार. दहातला एक रुपया चालकाचा, हे अडाणी हमालालाही तोंडपाठ होते. मडक्यात सातचा आकडा टाकलेलाच नाही आणि तरीही सातवर पैसे घेतले जात आहेत असे उघडकीस आले असते, तर त्या चालकाचे काय झाले असते हे सांगावयास नको. संगणकाच्या पोटातील मडके कोणाला दिसत नाही. म्हणूनच कायद्याला लपून राहणाऱ्या मटकेवाल्यापेक्षा टोकियोच्या शेअरबाजारात नोंदलेली, हिशेबतपासनीस असलेली, प्रतिष्ठित कंपनी अधिक निर्धास्तपणे वागू शकली.

आयोगाने दंड ठोठावला तो सुमारे ११६४ कोटी वॉनचा, म्हणजे अदमासे सत्तर कोटी रुपयांचा. असल्या गुन्ह्यासाठी त्या देशात तोवर झालेला हा सर्वात मोठा दंड होता. आता दुसरा आकडा पाहावा. ज्या काळाबद्दल हा दंड झाला त्या काळात या एका खेळातील ठोकळ्यांच्या विक्रीचे उत्पन्न सुमारे ५५,००० कोटी वॉन होते. शंभराला दोनच्या किंचित वर. याला दंड म्हणावे की अडत्याची दलाली, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता भद्रावतीच्या तरुणाकडे परत यावे. तो म्हणेल, या साऱ्याशी माझा काय संबंध? मी तर एक रुपया घालीत नाही. तो खरे बोलत असतो. अशा खेळांत बहुसंख्य खेळाडू कधीच पैसे भरत नाहीत. धंदा चालतो तो थोड्या मोठ्या खर्चिकांवर. धंद्याच्या परिभाषेत त्यांना देवमासे म्हणतात. परंतु देवमासा रिकाम्या समुद्रात राहत नाही. ज्याने हजारो रुपये घालून झळाळती तलवार मिळविली त्याला ती दाखविण्यासाठी बाजार भरलेला हवा, हरविण्यासाठी दुबळे प्रतिस्पर्धी हवेत, हेवा करणारे डोळे हवेत. तो बाजार, ते प्रतिस्पर्धी आणि ते डोळे फुकट खेळणारा पुरवितो. चित्रपटाच्या गर्दीतील माणसालाही संध्याकाळी रोजी मिळते. येथे गर्दी स्वतःच्या मोबाईलवर, स्वतःच्या पैशाचा रिचार्ज मारून, स्वतःची झोप मोडून कामावर येते. जो पैसे भरत नाही तो या खेळात गिऱ्हाईक नसतो हे खरे. तो बिनपगारी कामगार असतो. आणि देवमासाही नेहमी धनिकाचा पोर असतो अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही. दहा-वीस रुपये मोबाईलवरून क्षणात देता येतात. ज्याचा ठेकेदार पगार तीन महिने लटकवितो त्या मजुराला आयुष्यात कोठेही हुकमी विजय मिळत नाही, तो या पेटीत तरी मिळेल या आशेने पगाराच्या दिवशी तो बोट दाबतो. मोहात पडण्याचे कारण जेवढे बळकट, तेवढी खिशाची ऐपत कमी, असा हा उलटा न्याय आहे.

भारत सरकारने या क्षेत्रात काय केले? २ सप्टेंबर २०२० रोजी पब्जी मोबाईल बंद झाला. कारण जुगाराचे नव्हते, चीनचे होते. २०२१ च्या जुलैमध्ये तोच खेळ क्राफ्टन या कोरियन कंपनीने भारताच्या नावाचा टिळा लावून पुन्हा आणला. वर्षभराने तो पुन्हा अडविला गेला आणि २०२३ च्या मे महिन्यात पुन्हा सुरू झाला. या साऱ्या येण्याजाण्यात खेळातील पेट्यांची शक्यता किती, त्यांतून कोणाकडून किती पैसा गोळा होतो, याची चौकशी दिल्लीत झाल्याचे ऐकिवात नाही. राष्ट्रहित म्हणजे कंपनीच्या मालकाचा पासपोर्ट, एवढाच त्याचा अर्थ लावला गेला.

दुसरीकडे पैसे लावून खेळावयाच्या रमी आणि तत्सम खेळांवर १ ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या संपूर्ण रकमेवर शेकडा २८ वस्तू व सेवा कर बसविण्यात आला. म्हणजे जुगारात सरकार भागीदार झाले. पावणेदोन वर्षांनी संसदेने कूस बदलली. ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेने एका दिवशी आणि राज्यसभेने दुसऱ्या दिवशी ऑनलाइन खेळांचा कायदा संमत केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि पैसे जिंकण्याच्या आशेने पैसे लावावयाचा प्रत्येक खेळ, कौशल्याचा असो वा नशिबाचा, निषिद्ध ठरविणारे विधान कागदावर आले. त्याच्या महिनाभर आधी महाराष्ट्राचे तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांची विधान परिषदेत मोबाईलवर रमीचा पट उघडलेला असल्याची चित्रफीत गाजली होती. आपण खेळत नव्हतो असे त्यांनी सांगितले. कृषिखाते त्यांच्याकडून गेले आणि त्यांना क्रीडा व युवक कल्याण हे खाते मिळाले. विनोद करण्याची गरज सरकारने विरोधकांसाठी शिल्लक ठेवली नाही.

या कायद्याचे स्वागत करताना कार्यकर्त्यांनी त्यातील व्याख्या नीट वाचावी. पैसे लावून पैसे किंवा पैशासारखा लाभ जिंकण्याची आशा असेल तर तो निषिद्ध खेळ. असा लाभ नसलेले जे 'सामाजिक' खेळ, त्यांना मात्र उत्तेजन द्यावयाचे आहे. फुकट खेळातील नशिबाच्या पेटीचे नाव घेऊन तिच्याविषयी कायदा काहीच बोलत नाही आणि कंपन्यांचे वकील म्हणणार की पेटीतून निघते ते चित्रातील टोपडे आहे, पैसा नव्हे. म्हणजे रमी खेळणारा निदान कधीतरी चार पैसे जिंकण्याची आशा बाळगून होता, म्हणून त्याला संरक्षण. आणि ज्याला जिंकण्याची कसलीच आशा नाही, ज्याचा पैसा फक्त एका दिशेने वाहतो, तो मात्र करमणूक करीत आहे! बेल्जियमने २०१८ सालीच काही खेळांतील अशा विकत घ्यावयाच्या पेट्या जुगार ठरविल्या. कोरियात २२ मार्च २०२४ पासून प्रत्येक नशिबाच्या वस्तूची शक्यता जाहीर करणे कायद्याने बंधनकारक झाले आहे. म्हणजे ज्या देशाची कंपनी, त्या देशाच्या खेळाडूला जे कळण्याचा हक्क कायद्याने मिळाला, तो भारतातील खेळाडूला नाही.

मग बंदीच का मागू नये? चंद्रपूर जिल्ह्यातील माणसाला तरी हा प्रश्न पडू नये. या जिल्ह्याने दारूबंदीचा सारा प्रवास डोळ्यांनी पाहिला आहे. ती मागणी कोणा उपदेशकाची नव्हती. ज्यांच्या घरात दारूने चूल विझविली होती अशा कष्टकरी स्त्रियांनी ती केली आणि २०१० साली चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत त्या पायी चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ रोजी बंदी आली, मे २०२१ मध्ये ती उठविण्याचा निर्णय झाला, आणि चोरट्या विक्रीचे व बुडालेल्या महसुलाचे कारण सांगण्यात आले. स्त्रियांची मागणी चूक होती असा याचा अर्थ मुळीच नाही. अर्थ एवढाच, की बंदीचा कागद काढून शासन मोकळे झाले; व्यसनमुक्तीची केंद्रे, रोजगार, पोलिसांवर देखरेख हे जे कष्टाचे काम, त्याला कोणी हात लावला नाही. दारूची बाटली तरी नाक्यावर पकडता येते. ज्या खेळाला वेस नाही, जो हवेतून येतो, त्याच्या बंदीची अंमलबजावणी कोणता हवालदार करणार? तो करील ती एकच गोष्ट : बसस्थानकावरच्या पोरांचे मोबाईल तपासणे. कंपनी सोलच्या उपनगरात सुखरूप राहील आणि लाठी माजरीच्या मजुराच्या पाठीवर बसेल.

शिवाय बंदी मागणाऱ्या सज्जनांनी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे. मोबाईल खाली ठेवून या मुलांनी जावे कोठे? कोळशाची धूळ ज्या वस्तीवर बसते तेथील मैदानावर? ताडोबाच्या भोवतालच्या गावांत दिवस मावळताच आई मुलाला अंगणातून घरात ओढते, कारण वाघ-बिबट्याची भीती ही तेथे गोष्टीतली नाही. भद्रावतीत विजासनची लेणी आहेत, जुना तलाव आहे, कृष्णमूर्ती मिरमिरांनी मातीकामाला नवे जीवन दिले तो ग्रामोदय संघ आहे. या गावाला हाताने काही घडविण्याची परंपरा नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. पण संध्याकाळी सहानंतर अठरा वर्षांच्या मुलाला विनामूल्य बसता येईल, वाचता येईल, कॅरम वा कबड्डी खेळता येईल, आणि मुलीलाही तेथे जाता येईल, अशी जागा प्रत्येक वस्तीत असावी, असा आग्रह कोणत्या निवडणुकीच्या जाहीरनाम्यात होता? खरा फुकट खेळ तोच. तो समाजाने पुरवावयाचा असतो. समाजाने ती जागा सोडली तेव्हा ती कंपनीने घेतली.

शून्य शक्यतेचा ठोकळा म्हणजे काय, हे तर भद्रावतीला कोरियाकडून शिकावयाचीही गरज नाही. १९९० च्या दशकात केंद्र सरकारने जे आठ खासगी वीज प्रकल्प घाईने मार्गी लावावयाचे ठरविले त्यांत दाभोळच्या एन्रॉनच्या शेजारी भद्रावतीच्याही प्रकल्पाचे नाव होते. त्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी संपादित झाल्या. जमीन गेलेल्या घरांनी नोकरीची आशा धरली, मुलांना तांत्रिक शिक्षण द्यावे अशी स्वप्ने पाहिली. त्या प्रकल्पातून विजेचे एक युनिटही निघाले नाही. पैसे आधी, पेटी नंतर, आणि पेटीत हवे ते कधी घातलेलेच नाही : ज्यांच्या बापांनी जमीन देऊन हा खेळ खेळला त्यांच्या पोरांना तोच खेळ आता मोबाईलवर मिळतो. बापाची फसवणूक विकासाच्या नावाने झाली, मुलाची करमणुकीच्या. फसवणुकीचे गणित मात्र बदलले नाही आणि म्हणूनच हे गणित या गावाला समजावून सांगणे मुळीच अवघड नाही.

कोरियाच्या कथेचा अर्धा भाग अजून राहिला आहे आणि कार्यकर्त्यांसाठी तोच महत्त्वाचा. आयोग आपणहून जागा झाला नाही. २०२१ च्या आरंभी खेळाडूंनी आपसांत वर्गणी काढली, प्रकाशफलक लावलेले ट्रक भाड्याने घेतले आणि ते कंपनीच्या कचेरीसमोर व संसदेसमोर फिरविले. हजारो खेळाडूंनी खेळ सोडून दुसऱ्या खेळात स्थलांतर केले. याला बहिष्कार म्हणतात. गांधीजींच्या देशाला त्याचा अर्थ सांगावा लागू नये. या दडपणाखाली त्या मार्चमध्ये कंपनीने आपल्या शक्यता छापल्या आणि काही जुळण्या अशक्य होत्या हे तिच्याच कागदावरून बाहेर आले. एका खेळाडूने ठोकळ्यांत घातलेल्या सुमारे १.१ कोटी वॉनसाठी दावा लावला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूचा निकाल कायम केला. परत मिळाली ती रक्कम त्याच्या खर्चाच्या शेकडा ५ एवढीच. पण त्याच वर्षी ग्राहक संस्थेच्या मध्यस्थीने सुमारे आठ लाख खेळाडूंसाठी २१९० कोटी वॉनची भरपाई ठरली. एकट्याच्या दाव्याला आणि आठ लाखांच्या तक्रारीला मिळालेल्या उत्तरांतील अंतर मोजून पाहावे.

आणि यंत्राच्या आतले कामगार? नेक्सॉनचीच निओपल नावाची उपकंपनी 'डंजन अँड फायटर' हा दुसरा आडव्या पडद्याचा फुकट खेळ बनविते. २०२४ साली त्या खेळाची मोबाईल आवृत्ती चीनमध्ये निघाली आणि नफ्याचा पूर आला. पुराचे पाणी आपल्या वाफ्यात का येत नाही, असे विचारीत जून २०२५ मध्ये निओपलच्या कामगार संघटनेने संप पुकारला. वार्षिक नफ्यातील शेकडा ४ वाटा कामगारांना द्या, ही मागणी होती. कोरियाच्या खेळउद्योगातील हा पहिला संप मानला जातो. संगणकापुढे बसणारे, वातानुकूलित दालनातील, चांगल्या पगाराचे हे लोक कधी संपावर जातील असे कोणाला वाटले नव्हते. भद्रावतीच्या आयुध निर्माणीतील कामगारांना या बातमीत एक ओळखीची कळ जाणवेल. २०२१ साली देशभरातील आयुध निर्माण्यांचे कंपनीकरण होऊ घातले, संघटनांनी संपाची भाषा केली, तेव्हा सरकारने संपच बेकायदा ठरविणारा कायदा संसदेतून काढून घेतला होता.

तेव्हा भद्रावतीत करावयाचे काम स्पष्ट आहे आणि ते आजपासून करता येण्याजोगे आहे. खासदारांकडे मागणी हवी ती बंदीची नव्हे. पैसे घेऊन विकलेल्या प्रत्येक नशिबाच्या पेटीची शक्यता मराठीत, खरेदीच्या बटनाशेजारीच, छापली गेली पाहिजे. अज्ञान मुलाला ती विकणे गुन्हा ठरला पाहिजे. शक्यता गुपचूप बदलणाऱ्या कंपनीला विक्रीच्या उत्पन्नाएवढा दंड झाला पाहिजे, शंभराला दोन नव्हे. नगरपालिकेकडे मागणी हवी ती मैदानाची, वाचनालयाची आणि तेथे रात्री नऊपर्यंत चालणाऱ्या दिव्यांची. आणि बसस्थानकावरील तरुणांकडे कार्यकर्त्याने जावे ते उपदेश घेऊन नव्हे, एक साधी वही घेऊन. तीत चार रकाने असावेत : तारीख, भरलेली रक्कम, पेटीतून हवे होते ते, आणि निघाले ते. पैसे न भरणाऱ्याने दुसऱ्या रकान्यात दळणाचे तास लिहावेत. महिनाअखेरीस सर्वांच्या वह्या एकत्र आणून बेरीज करावी आणि ती बेरीज माजरीच्या पाळीच्या फाटकाशी, पगाराच्या दिवशी, मोठ्या अक्षरांत लावावी.